चार किलोची बोधगया

"असू दे, लागेल" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं तो मला भेटला, तर त्याच्याच पाठीवर ते सगळं सामान लादून मी त्याला इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत पायी चालवीन. अर्धा प्रवास या वाक्याने बुडतो आणि उरलेला हमालीत जातो.

मी मेघा. नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून निघते. स्लीपरने, एसटीने, जमेल तसं. आणि झोपायला स्वच्छ चादर मिळाली की मला तेवढं पुरतं. ऑफिसातल्या मुली कमी पैशांत कसं फिरायचं ते विचारतात. मी सांगते. नाही विचारलं तरी सांगते. पण माझी सगळ्यात चिवट विद्यार्थिनी घरातच निघाली.

आईला बोधगयेला जायचं होतं. लग्न होऊन इंदोऱ्यात आली तेव्हापासूनचं हे स्वप्न. दरवर्षी दीक्षाभूमीवर लोक येतात तेव्हा आमच्या गल्लीचा जेवणाचा स्टॉल असतो. आई पुऱ्या लाटते, समोरच्या घरातली प्रेमिलाकाकू तळते. दोघी एकाच वर्षी या गल्लीत नवऱ्या होऊन आल्या. स्टॉल आवरून घरी येताना दोघींचं बोलणं ठरलेलं असायचं. "एवढी दुनिया इथं येऊन राहिली वं, आपणच कुठी गेलो नाही. एकदा संगं बोधगयेला जाऊ." मग सासूचं आजारपण आलं, आईची अंगणवाडीची नोकरी आली, माझं शिक्षण आलं. सगळं पार पडलं तेव्हा प्रेमिलाकाकूचे गुडघे गेले आणि आईच्या मणक्यात गॅप निघाली.

डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, पण चार किलोच्या वर काही उचलायचं नाही.

"मंग मेघा उचलीन ना तुही थैली," बाबा म्हणाले.

"कोणाच्या पाठीवर लादून बुद्धाकडं जाऊ का मी?" आई म्हणाली. "माही थैली मीच उचलीन."

तेव्हा मी अट घातली. निघायच्या आदल्या दिवशी बॅग चार किलोच्या वर नसली तर जायचं, नाहीतर तिकीट रद्द. आईने ती मानली. बाबांना स्वतःच्या खाटेशिवाय झोप येत नाही, म्हणून ते येणार नव्हते. पण वजनाचं खातं त्यांनी आनंदाने स्वतःकडे घेतलं. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, वजन करण्यातली त्यांची हौस अजून फिटलेली नाही. भंगारवाल्याकडून हुकाचा वजनकाटा आणून त्यांनी तो दाराच्या चौकटीला टांगला.

पहिल्या दिवशी आईची बॅग नऊ किलो भरली. खोबरेल तेलाची मोठी बाटली, पाच साड्या, तिखटाचा डबा, दोन चादरी, उशी. पोळपाट-लाटणं तेवढं राहिलं होतं.

मी सगळं पलंगावर ओतलं आणि शाळा सुरू केली. कपडे दोनच जोड, एक अंगावर, एक दोरीवर. धुतलेला कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला की सकाळपर्यंत वाळतो. स्वेटर आणि शाल बॅगेत भरायची नाही, अंगावर घालूनच गाडीत चढायचं. जाड टॉवेलऐवजी पातळ पंचा. उशी कशाला, कपड्यांनाच खोळ घालायची. आणि चादरीऐवजी जुन्या सुती साडीची दुहेरी पिशवी शिवायची, आत शिरून झोपायचं. धर्मशाळेची गादी कशीही असो, अंगाला आपलंच कापड लागतं. हे आईला फार आवडलं. दुपारभर मशीनवर बसून तिने पिशवी शिवली, आत शिरून पाहिली आणि बाबांना हाक मारून दाखवली.

मग मी तीन छोट्या टिनच्या डब्या काढल्या. "तेलाची बाटली न्यायची नाही, आई. लागेल तेवढंच काढून घ्यायचं. या डबीभर पुरतं."

आई डबी उलटीसुलटी करत बसली. "एवढ्याशा डबीत भागते?"

"भागतं. तेल तेच, वास तोच."

रविवारी बाबांनी काट्याला बॅग लावली आणि रेल्वेच्या घोषणेसारखं म्हणाले, "चार!" मी स्वतःवर खूश झाले. आई तर इतकी खूश झाली की बॅग पाठीला लावून गल्लीत एक चक्कर मारून आली. तिथेच माझी शाळा बुडाली, कारण सगळ्यात मोठा नियम मी शिकवायला विसरले होते. निघेपर्यंत कुठे चाललोय हे कोणाला सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक यायला लागले. "जय भीम, कांताबाई. माह्या नावानं तिथं एक लावजा." हातात मेणबत्ती. कोणी साधी आणली, कोणी सुवासिक. कोपऱ्यावरच्या भैय्याजींनी सीताबर्डीहून मनगटाएवढी जाड मेणबत्ती आणली. "आमचं कुठी होते जाणं," एवढं प्रत्येक जण म्हणायचाच. आई हसून घ्यायची, ओट्याशी ठेवायची, चहा टाकायची. संध्याकाळपर्यंत घराचं मेणबत्त्यांचं दुकान झालं.

आली नाही ती फक्त प्रेमिलाकाकू. आमचं तिकीट काढायच्या आधी आई तिला विचारायला गेली होती. "माहे गुडघे हे असे," काकू म्हणाली होती, "मी आली तं तुमच्यावर बोजा होईन." तेव्हापासून तिचं चहाला येणंच बंद झालं होतं. समोरच्या दारात खाटेवर बसलेली दिसायची, पण आमच्या दाराकडे बघायची नाही. आई मात्र दर मेणबत्तीमागे एकदा तिकडे बघायची.

बाबांनी मेणबत्त्या भरलेली बॅग काट्याला लावली. साडेसहा किलो.

माझं डोकं फिरलं. "आई, तिथे मेणबत्त्या ढिगाने मिळतात. दहा रुपयाला एक. सगळ्यांच्या नावाने तिथेच घेऊ आणि लावू."

"ते गयेची होईन. इथली नाही होईन."

आणि तिने शांतपणे स्वतःचं सामान काढायला सुरुवात केली. दुसरी साडी काढली. पंचा काढला. एवढ्या हौसेने शिवलेली झोपायची पिशवीही काढली.

"जानेवारीत गयेला काय थंडी असते माहीत आहे का तुला?"

"मंग तिकीट रद्द कर," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "त्यायनं माह्या हातात देल्ली. परत कशी करू? सगळ्यायचं इथंच ठेवून मी एकटीच गेली, तं मी तिथं जाऊन काय केलं?"

खरं सांगते, तेव्हा मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. कौतुक मी गिळून टाकलं. थोड्या वेळाने म्हटलं, "बरं, दे माझ्या सॅकमध्ये."

"नाही. माह्या हातात देल्ली, तुह्या पाठीवर नाही."

आता बोला. निघायला एकच दिवस उरला होता. अट माझीच होती आणि मी ती मोडू शकत नव्हते, कारण ती डॉक्टरांची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून लवकर आले, तर स्वयंपाकघरात आई खाली बसलेली. समोर मेणबत्त्या ओळीने मांडलेल्या. हातात भाजीची सुरी. प्रत्येक मेणबत्तीच्या बुडाचा नखाएवढा तुकडा कापायची, ज्याची असेल त्याचं नाव घ्यायची आणि तुकडा टिनच्या डबीत दाबायची. डबी तेलाचीच होती. तेल परत बाटलीत गेलं होतं.

"हे काय चाललंय?"

"तूच म्हटलं ना. बाटली नाही न्यायची, लागते तेवढंच काढून घ्यायचं." तिने वर बघितलं. "मेण तेच, नावं तेच. भागते ना?"

शेरास सव्वाशेर घरातच असतो, हे मला आधी कळायला हवं होतं.

"अन् उरलेल्या?" बाबांनी विचारलं.

"पौर्णिमेला आपल्या विहारात लावजा तुम्ही. कोणाचीच वाया नाही जात."

"आणि डोक्याला तेल?" मी विचारलं.

"नाही लावलं तं केस काय पळून जातात?"

भरलेली डबी बॅगेत ठेवून बाबांनी काटा लावला. साडी, पंचा, झोपायची पिशवी, सगळं परत आत होतं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "बरोबर चार! आता केसभर जास्त नको."

आईने डबी काढून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. तुकडे वितळत गेले. पांढरं, पिवळं, गुलाबी मेण एकमेकांत मिसळून सायीसारख्या रंगाचं झालं. तोवर दारात गल्ली जमली होती. आपलं मेण कसं वितळतं ते सगळ्यांना पाहायचं होतं. आणि कोणीतरी विचारलंच, "वात कोणाची टाकता?"

हे आईच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"माह्या मेणबत्तीची घ्या ना," भैय्याजी म्हणाले, "जाड आहे, टिकीन."

"काहून? मेण आमचं जळीन अन् वात तुमची?" मागून आवाज आला. लोक हसले, पण अर्धेच. मी दुकानातल्या पुडीचा दोरा सुचवला, तो कोणालाच पसंत पडला नाही. प्रत्येकाच्या मेणबत्तीत वात होती, आणि म्हणूनच कोणाचीच घेता येत नव्हती. ज्याने मेण दिलं नाही अशाचीच वात हवी होती, आणि गल्लीत असं घर एकच होतं.

आई उठली. गरम डबी फडक्यात धरली आणि गल्ली ओलांडून समोर गेली. मी मागोमाग गेले.

प्रेमिलाकाकू खाटेवर बसली होती.

"प्रेमिला, वात पायजे."

"माह्या घरी मेणबत्ती नाही."

"मेणबत्ती कोणं मांगतली? मेण भरपूर झालं. वात नाही."

"मले काहून मांगून राहिली? जाय ना तू. पोरीसंगं जाय. मी काय अडवली तुले?"

"अडवलीच आहे," आई म्हणाली. "तुह्याशिवाय माहं मनच निघून नाही राहिलं."

काकूने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मेणबत्ती म्या काहून नाही देल्ली, सांगू? मेणबत्ती देल्ली म्हणजे मी येत नाही, असं झालं असतं वं. मले ते करवत नव्हतं."

"मंग नको देऊ मेणबत्ती," आई म्हणाली.

काकू माझ्याकडे वळली. "मेघा, आतल्या पेटीत वरच पांढरी साडी आहे. आन वं."

कोरी सुती साडी होती, घडीही मोडलेली नव्हती. उमरेडच्या भावाने आणून दिलेली. बोधगयेसाठी ठेवली होती, काकूने सांगितलं. तिने घडी उलगडून पदराच्या टोकाचे दोरे एकेक करून ओढले. मला वाईट वाटत होतं, पण तिचा हात थांबला नाही. दोरे एकत्र करून तिने ते मांडीवर ठेवले आणि तळव्याने वळायला लागली, गुडघ्यापर्यंत नेऊन परत मागे. माहेरी हातमाग होता तिच्या. दोरा तिच्या बोटांना ओळखतो. वात सरळ, घट्ट झाली. मेणात बुडवून, ताठ करून तिने ती डबीत उभी केली. आईने केसातली पिन काढून आधाराला लावली. मेण थिजेपर्यंत दोघी डबीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.

मग काकू म्हणाली, "मेघा, तुह्या बाबाले म्हण, आता वजन करा. माह्यामुळं जास्त नको व्हायले."

बाबांनी काटा आणि बॅग उचलून इकडेच आणली. काकूच्या दाराच्या चौकटीला हुक अडकवला. आईने डबीला झाकण लावलं, बॅगेत ठेवली. बॅग टांगली गेली, थोडी झुलली, स्थिर झाली. काकूने खाटेवरून मान पुढे काढली.

"किती झालं?"

बाबा वाकून पाहत होते. या वेळी त्यांनी घोषणा केली नाही. हळूच म्हणाले, "चारच आहे, प्रेमिलाबाई. काटा हालला नाही."

"हालला नाही?"

"जरासाही नाही."

काकू आईकडे बघून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"पाह्य वं कांता," ती म्हणाली. "मी आली तं बोजा नाही झाला."