उणे चार फुटांचा हौद

विश्वास कुणावर ठेवावा हो? विचार करून बोलणाऱ्यावर, की चटकन उत्तर देणाऱ्यावर? दुसऱ्यावर म्हणत असाल तर जरा टेका. तो दुसरा मीच. देगलूरच्या चांदपाशांच्या पत्र्याच्या दुकानातला जुना लॅपटॉप बोलतोय.

माझं झाकण सुतळीनं बांधलंय, पंखा गिरणीसारखा घरघरतो. पण चांदपाशांची लेक नाजिया लातूरला गणित शिकते. तिनं मला बहुपदी समीकरणं सोडवायला शिकवलं आणि माझी ऐट वाढली. दोन समीकरणांत दोन अज्ञात गुंतले, की मी एकाचा लोप करतो. उरतो एकटा. तो सापडला, की दुसरा आपसूक हाती लागतो. गिऱ्हाईक म्हणायचं, काय डोकं आहे! मलाही पटायचं.

ऐन उन्हाळ्यात गुरम्मा आली. शेळ्यांना पाण्याचा हौद हवा होता: तळ चौरस, वरून उघडा, तीन घनफूट पाणी मावेल असा. दुकानात पत्रा उरला होता तेरा चौरस फूट, आणि तो सगळा लावायचा होता. एकदा चुकीचा कापला, की गुरम्माच्या शेळ्या तहानलेल्या.

पत्र्याचं एक समीकरण, पाण्याचं दुसरं. मी उंचीचा लोप केला. तळाच्या बाजूचं घन समीकरण उरलं. लगेच सांगून मोकळा झालो: तळ एक फूट, उंची तीन फूट.

चांदपाशांनी कातर उचलली. गुरम्मानं जमिनीपासून हातानं तीन फूट उंची मापली.

"पाशाभाई, यात माझं करडू पाणी पिणार का उडी टाकणार?"

"मशीननं सांगितलंय, अक्का."

"मग मशीनलाच पाजा की!"

सुट्टीवर आलेली नाजिया धावत आली. "अब्बा, कातर ठेवा! जमणारं पहिलं उत्तर मिळालं की थांब, असं मीच याला सांगून ठेवलंय. घन समीकरण हाय, उत्तरं तीन असतील."

तिनं मला पुन्हा कामाला लावलं. तिन्ही निघाली. पहिलंच, तळ उणे चार फूट.

"ह्यो हौद लई स्वस्त पडंल," गुरम्मा म्हणाली. पंखा असूनही मला घाम फुटला.

दुसरं मघाचंच. तिसरं होतं तळ तीन फूट, उंची चार इंच. गुरम्मानं पडद्यावर बोट ठेवलं. "हाव, ह्योच!"

तिन्ही उत्तरं समीकरणांना खरी होती. शेळीचं तोंड मात्र माझ्या एकाही समीकरणात नव्हतं.

आता मी सगळी उत्तरं दाखवतो, टाकलेलं का टाकलं तेही. तुम्हीही हिशोब असाच सच्चा ठेवा, मंडळी. निघालेलं सगळं मांडा. उणे चार निघालं तर तेही मांडा. लोक हसतील, हसू द्या. करडू तहानलेलं राहायला नको.