क्लचचा ट्रॅक्टर

तोंडावर सांगायची हिंमत नसली की माणूस आडवाटेला लागतो. ही सून आडवाटेनं निघाली ती थेट ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये पोचली, आणि तीही सासऱ्यांना गाडीत शेजारी बसवून.

घरचा धंदा पागेचा. शहरातल्या हौशी लोकांचे घोडे सांभाळायचे, त्यांना चारायचं, फिरवायचं, आणि रविवारी मालक आले की घोडा त्यांनीच वाढवला असल्यासारखं कौतुक ऐकून घ्यायचं. "हौस त्यांची, लीद आपली," असं सासरे म्हणत. पागा त्यांनीच उभी केली होती. आता घोड्यांचं सगळं मुलगा बघायचा आणि बाकीचं सगळं सून. बाकीचं सगळं म्हणजे कुरणातलं गवत वेळच्या वेळी कापणं, लीद उचलून टेकाडावरच्या ढिगाकडे नेणं, गवताचे गठ्ठे इकडून तिकडे करणं. ह्या कामांना घरात एक जुना ट्रॅक्टर होता. सासऱ्यांच्या बरोबरीनं म्हातारा झालेला, म्हणून त्याला सगळे 'थोरले' म्हणत.

थोरल्यांवर लीद भरायचा मान मात्र सासऱ्यांचा. तिथे ते कोणाला हात लावू देत नसत. आणि घोटाळा झाला तो तिथेच.

वसंतातली गोष्ट. सून पागेच्या दारात पाण्याची बादली घेऊन उभी होती. समोर टेकाडाच्या उतारावर सासरे थोरल्यांच्या तोंडाला बसवलेल्या लोडरची बकेट ओल्या लिदीनं शिगोशीग भरून चालले होते. बकेट पुढे खाली धरली तर त्यांना रस्ता दिसत नसे, म्हणून ती डोक्याच्याही वर उचलायची त्यांची जुनी खोड. तशीच ती उचलून त्यांनी उताराला आडवं वळण घेतलं, आणि ट्रॅक्टरचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं. चांगलं वीतभर. मग बकेट धाडकन खाली आली, चाक टेकलं आणि सासरे शीळ घालत खाली उतरून तिच्याकडे चहा मागायला आले.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो खोगीर पुसत होता, पुसतच राहिला.

"तू सांग ना त्यांना," तो म्हणाला. "तुझं ऐकतात ते."

"वडील तुझे आहेत."

"म्हणून तर म्हणतोय."

झालं. त्यानं हात झटकले. चवताळलेल्या घोड्यापुढे बिनधास्त उभा राहणारा हा गडी, बापापुढे मात्र त्याची दातखीळ बसायची. तिनंही आज सांगते, उद्या सांगते, असं करत चालढकल केली. ज्यांनी दगड वेचून कुरण केलं त्यांना "आता तुम्ही बसा" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि न सांगावं, तर लीद भरायची म्हटलं की तिचं हातातलं काम सुटायचं. काही तरी निमित्त काढून ती टेकाडाच्या आसपास घुटमळायची, जणू तिथे उभं राहून ती ट्रॅक्टर झेलणार होती.

अशात थोरल्यांचा गिअरबॉक्स फुटला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं तिला झालं. ती एकटी जाऊन शोरूम बघून आली आणि तिथे तिला हवी ती गोष्ट सापडली. छोट्या ट्रॅक्टरमध्ये दोन तऱ्हा होत्या. एक पेडलवाला, त्याला क्लचच नाही. दुसरा गिअरचा, आणि त्याचा क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय तो सुरूच होत नाही. क्लच डाव्या पायाला, आणि सासऱ्यांचा डावा गुडघा कामातून गेलेला. जिना चढताना ते डावी मांडी हातानं उचलून पायरीवर ठेवत. थोरल्यांचा क्लच झिजून मऊ झाला होता, तो जमायचा. नवा जमणार नव्हता. म्हणजे बोलायला नको, वाईटपणा नको. जे काय सांगायचं ते क्लचच सांगेल.

हा हिशेब मनात ठेवून ती त्या दिवशी सासऱ्यांना घेऊन आली.

शोरूममध्ये नव्या रबराचा आणि ग्रीसचा वास होता. ट्रॅक्टर ओळीनं उभे, आरशासारखे पुसलेले. शोरूमवाला टकल्या, गोड बोलणारा, पण खोटं बोलत नव्हता, आणि त्या धंद्यात हा मोठाच दोष म्हणायचा. त्यानं आधी कामाची चौकशी केली. उतार किती, गवत किती, कुंपणाची दारं किती रुंद, ट्रॅक्टर चालवणार कोण.

"मी," सासरे म्हणाले.

"आणि मी," सून म्हणाली.

"मग ताई, डोळे मिटून पेडलवाला घ्या. उजव्या पायानं एक पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे, पाय उचलला की जागच्या जागी उभा. लोडरचं काम म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे. गिअरवाल्याला दर वेळी क्लच मारायचा. संध्याकाळपर्यंत मांडी भरून येते."

"मला गिअरचाच हवा," ती म्हणाली.

"का हो?"

"सवय आहे."

कसली सवय! थोरल्यांवर गवत कापताना ती क्लचला एवढ्या शिव्या घालायची की घोडे कान टवकारायचे. पण सासरे ते ऐकून फुलले.

"बघा! ह्याला म्हणतात ड्रायव्हर," ते शोरूमवाल्याला म्हणाले. "पेडल मारायला ते काय शिलाईचं मशीन आहे? आमच्या सुनेला कळतं."

सुनेला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं घाईघाईनं गवत कापायच्या कटरचा विषय काढला.

कटरमध्येही दोन तऱ्हा होत्या. पोटाखाली बसवायचं कटर गवत गालिच्यासारखं कापतं, पण लोडरचं काम करताना खाली आपटतं, म्हणून ते सारखं काढावं-घालावं लागतं. शोरूमवाल्यानं मागे जोडायचं कटर सुचवलं. पुढे लोडर, त्याला एक बकेट आणि गठ्ठे उचलायला काटे. "आणि लीद उचलताना कटर काढून मागे हा वजनाचा डबा लावायचा," त्यानं एका चौकोनी लोखंडी पेटीवर हात ठेवला. "पुढे भार आला की मागचं हलकं होतं. हा लावल्याशिवाय बकेट भरायची नाही, आणि भरलेली बकेट कधी गुडघ्याच्या वर न्यायची नाही."

"आम्ही थोरल्यांना कधी वजनबिजन लावलं नाही," सासरे म्हणाले.

सून चपलेकडे बघत होती. बोलायची ह्याहून चांगली वेळ आली नसती, पण गेली तीही.

"जरा चालवून बघतो," असं म्हणून सासरे मागच्या अंगणात गेले. गिअरचा ट्रॅक्टर तिथे काढून ठेवला होता. सून काचेआडून बघत राहिली. ते उजव्या बाजूनं कसेबसे चढले. किल्ली फिरवली, काही नाही.

"काका, क्लच दाबा, पूर्ण खाली!" शोरूमवाला ओरडला.

त्यांनी दाबला. पुन्हा किल्ली फिरवली. मग दोन्ही हातांनी मांडीवर जोर देऊन पाय खाली रेटला. त्यांच्या मानेची शीर इथून दिसत होती. ट्रॅक्टर ढिम्म. तिला वाटलं होतं, हे झालं की आपण सुटलो. पण आता तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. स्वतःची एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती.

सासऱ्यांनी हातानं मांडी उचलून पाय क्लचवरून काढला. मग खाली उतरले, शोरूमवाल्याशी काही बोलले, आणि शेजारच्या पेडलवाल्यावर चढले. तो लगेच सुरू झाला. पुढे गेला, मागे आला, गर्रकन वळला. वळता वळता बकेट वर जायला लागली, छातीपर्यंत, डोक्यापर्यंत, डोक्याच्या वर.

"खाली, काका, बकेट खाली!" शोरूमवाला धावला.

परत येऊन सासरे त्याला म्हणाले, "हाच लिहा. आणि वजनाचा डबाही." मग सुनेकडे न बघता, "तू बाहेर ये जरा."

गाड्या लावायच्या जागी एक कठडा होता. सासरे त्याला टेकून उभे राहिले.

"तो टकल्या पहिल्यापासून पेडलवाल्याच्याच मागे होता. गिअरचा तू धरून बसलीस. तुला माहीत होतं ना, तो माझ्यानं सुरू होणार नाही?"

"हो."

"आणि रोज तो क्लच तू मारणार होतीस? वर्षानुवर्षं?"

"हो."

"एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून?"

तिनं मान डोलावली.

"गुडघा माझा, आणि त्याची शिक्षा तुझ्या मांडीला. वा गं वा! आता पेडलवाला येतोय. कामाला तोच बरा, आणि त्यावर मी बसू शकतो. काय करशील? बोल आता."

पळवाट उरली नव्हती. तिनं म्हटलं, "बाबा, तुम्ही लोडर चालवायचा नाही."

"का?"

"तुम्ही लीद नेत होतात, तेव्हा मागचं चाक उचललं होतं. मी दारात होते. मी बघितलं."

"मग मी काय झोपलो होतो? मी वरच बसलो होतो ना!"

"तुम्हाला कळलं होतं?"

"बुडाखालची जमीन सुटली की कळतं गं."

"मग शीळ कशाला घालत आलात?"

"पाय लटपटत होते म्हणून." ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तू दारात होतीस तेही दिसलं मला. म्हटलं, आता ही दोन शब्द सुनावणार. चहा मागितला तो त्यासाठीच, म्हटलं काय बोलायचं ते बोलून घे. तर तू निमूट चहा दिलास, वर साखर जास्त घालून. दुसऱ्या दिवशी पोरगा आला. चेहऱ्यावरून कळत होतं त्याला समजलंय ते. तो हवापाण्याचं बोलून गेला. आपल्याकडे घोडा कुंपणाला नुसता घासला तरी सगळी पागा त्याच्या नावानं ओरडते. आणि मी मरता मरता वाचलो, तर मला कोणी काही बोलेना. तेव्हा कळलं, आपण आता ओरडा खाणाऱ्यांतसुद्धा जमा नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की तिचं तिलाच भान राहिलं नाही.

"अक्कल आहे का तुम्हाला?" ती म्हणाली. सासऱ्यांशी ह्या आवाजात ती जन्मात बोलली नव्हती. "भरली बकेट डोक्यावर घेऊन उताराला आडवं कोण वळतं? आणि कळत होतं तर पुन्हा का चढलात? त्याच्यानंतर रोज चढलात! आत्ता इथेसुद्धा तेच केलंत! माझा जीव तीळतीळ तुटायचा तिथे उभं राहून. उलटला असता तर आम्ही काय तुम्हाला त्याच्याखालून वेचून काढायचं होतं? गवत कापा, सपाटीवर कापा, मी नाही म्हणत नाही, पण लोडरला हात लावलात तर किल्ली विहिरीत टाकीन, सांगून ठेवते!"

शोरूमवाला कागद घेऊन दारापर्यंत आला, त्यानं एकदा बघितलं आणि आल्या पावली आत गेला. सासरे कठडा धरून, मान खाली घालून ऐकत होते. ती धाप लागून थांबली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"पोराच्या वाटणीचंही तूच बोलून घे," ते म्हणाले. "तो काही बोलायचा नाही."

तिनं बाहीला नाक पुसलं आणि नवऱ्याच्या वाटणीचं सुरू केलं.