मुठीतली कवडी

कवडीच्या पाठीवरचा तो बारीक टवका गुंडेरावांच्या अंगठ्याला पुन्हा लागला — चारांतली हीच एक तशी — आणि सकाळपासून आपण ती खिशात चाचपतो आहोत हे त्यांना कॅन्टीनच्या दारात कळलं. बायकोच्या, जानकीबाईंच्या कवड्या. बाई जाऊन तिसरं वर्ष. कवड्या मात्र आज साखर कारखान्यात कामाला निघाल्या होत्या.

आत टेबलावर पुठ्ठ्याचा चौकाबारा मांडला होता. कामगारांना सुरक्षितता शिकवणं ही गुंडेरावांची नोकरी, आणि हा पट त्यांनीच आखलेला. नेहमीच्या घरांच्या जागी वजनकाटा, बॉयलर, आणि मधोमध गव्हाण — ऊस आत ओढून नेणारा तो लोखंडी पट्टा. मागच्या हंगामात हावगेप्पा गव्हाणीत उतरून अडकलेला ऊस काढत होता आणि वर बटण दाबलं गेलं. पाय गुडघ्यापासून गेला. बटण दाबणारा त्याचाच जावई, हणमंतप्पा. हाक न मारता यंत्र सुरू केलं, असा चौकशीत ठपका बसला आणि विषय मिटला. गुंडेरावांचा मिटला नाही. पाट्या वाचून कुणी शहाणं होत नाही, खेळून होतं, असं म्हणत त्यांनी साहेबांकडून ही एक सकाळ मागून घेतली होती. सोमवारी गाळप सुरू. खेळ जमला तर प्रत्येक पाळीला खेळवायचा. नाही तर भिंतीवर आणखी एक पाटी.

नियम सोपा. दुसऱ्याची सोंगटी गव्हाणीत असेल तर आधी हाक मारायची आणि ‘आलो’ असं उत्तर आल्यावरच दान टाकायचं. महिनाभर घरी त्यांनी चारही बाजूंनी एकट्यानंच खेळून पाहिलं होतं — पाट बदलून बसायचं, हाक आपणच मारायची, ‘आलो’ आपणच म्हणायचं... खेळ कसा बिनबोभाट चाले. एकट्याचा संसार असाच चालतो. अडायला दुसरं कुणी लागतं.

रेवणसिद्धप्पाची सोंगटी गव्हाणीत गेली. हा हावगेप्पाचा भाऊ, म्हणजे हणमंतप्पाचा चुलतसासरा. आणि दान नेमकं हणमंतप्पाचं. तो कवड्या नुसत्या हातात खुळखुळवत राहिला.

“कामून थांबलास? हाक मार की,” गुंडेराव म्हणाले.

“सासऱ्याचं नाव कसं घेऊ, सायेब?” त्यानं मान खाली घातली, मग हळूच म्हणाला, “मामा, आलात का?”

“आलो!” मागच्या बाकांवरून तीन मामांनी एकदम ओ दिली. रेवणसिद्धप्पा तोंडातला विडा सावरत होता, त्याचं उत्तर अजून यायचंच होतं. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. हणमंतप्पा तेवढा हसला नाही.

“त्या दिशी बी असंच झालं, सायेब. मी हाक मारली होती. कुनीतरी आलो म्हनलं.”

“मग चौकशीत सांगितलं का नाहीस?”

“कोन म्हनलं ते कुठं ठावं? तिथं सगळेच मामा हायेत की.”

हसणं विरलं. कोपऱ्यात बसून खेळ बघणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. “उद्या दुपारपर्यंत काय ते सांगा, गुंडेराव. नाही तर मी पेंटरला बोलावतो.”

संध्याकाळी घरी त्यांनी पट पुन्हा मांडला. शेजारच्या रेडिओवर कानडी बातम्या चालल्या होत्या. हाक खरी होती, उत्तरही खरं होतं. फक्त उत्तर देणारा दुसराच होता... आणि महिनाभर या खोलीत तरी दुसरं काय चाललं होतं? चार बाजूंना माझाच आवाज. मला कसं कळावं, तीन मामा एकदम ओ देतात ते? त्यांना स्वतःची चीड आली, आणि चिडीच्या खाली जे होतं ते नुसतं एकटेपण होतं.

जानकीबाई हरायला आल्या की नेमकं त्यांचं दूध उतू जायला येई. “मी येईपर्यंत दान टाकायचं न्हाई हं,” म्हणत उठायच्या आणि उठता उठता एक कवडी मुठीत घेऊन जायच्या. “विश्वास न्हाई व्हय माझ्यावर?” “हाय हो. पन कवडी माझ्यापाशी असलेली बरी.” तीन कवड्यांनी खेळता येतं थोडंच! त्या स्वतः बाहेर यायच्या, मूठ उघडायच्या, तेव्हा कुठं...

गुंडेरावांचा हात थांबला. काखेत कळसा नि गावाला वळसा! हाक नको, नाव नको, मामा नको — आत उतरणाऱ्यानं बटणाला कुलूप घालून किल्लीच बरोबर न्यायची, खेळात कवडी न्यायची. तो स्वतः वर येऊन मूठ उघडेल तोवर कुणी काही सुरू करूच शकत नाही. त्यांना इतका आनंद झाला की ते स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, “अगं, ऐकलंस का —”

तीन वर्षांत त्यांनी घरात हाक मारली नव्हती.

मग त्यांनी टवक्याची कवडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि आपल्या पाटावर येऊन बसले. नियम तपासायला हवा होता. आता सवयीप्रमाणे उठायचं, समोरच्या पाटावर बसायचं, तिच्या वतीनं कवडी उचलून आणायची... पाय उचलले नाहीत. महिनाभर कधी न अडलेला खेळ अडला होता. नियम चांगला होता, अगदी पक्का. उद्या साहेबांना सांगायलाच हवा.

बातम्या संपल्या. फार एकटं वाटत होतं, पण तिच्या ऐवजी ‘आलो’ म्हणावंसं आज पहिल्यांदाच वाटेना. तीन कवड्या हातात धरून ते उंबऱ्याकडे बघत बसून राहिले.