अकरा दिवस बाकावर

आज आभाळ निवळलंय, ऊन खणखणीत पडलंय. म्हणून सूनबाईंनी मला गच्चीतल्या दोरीवर टाकलंय. डांबरगोळ्यांचा वास जायला हवा ना. मी राजदूतसाहेबांचा बंद गळ्याचा काळा कोट. शाळा काही शिकलो नाही. पण साहेबांच्या अंगावर राहून चार देशांतली बोलणी ऐकलीत.

शिंप्याने मापं घेतली तेव्हा साहेब काडीसारखे होते. "दोन बोटं शिलाईत राखून ठेवतो," शिंपी म्हणाला, "पुढे सरकारी जेवणावळी आहेत." तिसऱ्याच देशात ती दोन बोटं संपली.

साहेबांचा एक नेम होता. माझं गळ्याचं बटण लावलं की बोलायचा तो देश. घरी येऊन उघडलं की बोलायचा नुसता माणूस, तोही बाईंना भिऊन.

चौथ्या देशात आपल्याकडचा एक गवंडी धरला गेला. चोरी केली मालकाच्या भावाने, कैदेत गेला हा. साहेब तिथल्या परराष्ट्र खात्यात गेले. मोठा अधिकारी गोड हसला.

"उकडतंय, बटण सैल करा. मित्रासारखं बोलू. एका गवंड्यापायी कशाला वाकडेपणा?"

"बटण राहू दे. आमचा माणूस कधी सोडताय?"

"मग बाहेर बसा."

बसलो. रोज नऊ ते पाच, व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर. शिपाई म्हणायचा, "उद्या या." साहेब म्हणायचे, "उद्या येणारच आहे. आजचं सांग."

सातव्या दिवशी आपल्याच सरकारचा निरोप आला: करार तोंडावर आलाय, विषय सोडा. आठव्या दिवशी साहेबांनी मला कडक इस्त्री करवली आणि पुन्हा बाक गाठला. माझी पाठ घासून चकाकली ती तिथेच. लोक त्याला झिजणं म्हणतात. म्हणोत बापडे.

अकराव्या दिवशी गवंडी सुटला. त्याच महिन्यात साहेबांना परत बोलावलं. पुढे कुठेच नेमलं नाही.

सूनबाई म्हणतात, कुणाला तरी देऊन टाकू. द्या खुशाल. फक्त या पाठीवर ठिगळ लावू नका. मला तिची लाज नाही.

साहेब इथेच खुर्चीत ऊन खात बसलेत. शेजारचे निवृत्त हेडक्लार्क आत्ता कठड्याशी आले. एरवी साहेबांना टोमणा ठरलेला: "गवंड्यापायी गाडी-बंगला घालवलात!" आज टोमणा नव्हता. चाचरतच म्हणाले, "धाकटी परवा परदेशी निघालीय, दवाखान्यात नोकरी लागलीय. तिकडच्या आपल्या राजदूतांना ओळखता का हो? म्हणजे... वेळ आली तर ते बसून राहतील ना?"