माव्याची तहान

प्रयोगशाळेच्या कोरड्या खोलीत घेवड्याची रोपे माना टाकून उभी होती. पाणी तोडले की रोपाचा जीवनरस पाकासारखा दाट होतो. तो शोषणारा मावा, मोहरीहून लहान असा हिरवा कीटक, त्यावर तगतो की मरतो, हे पाहण्यात वहिनींनी सारा उन्हाळा वेचला होता. आज दुपारी मात्र रोपे भट्टीत जाणार होती. खोली त्यांच्याच नणंदेच्या नव्या प्रयोगाला मिळाली होती.

माव्याची विष्ठा गोड. तिचा थेंब पडला की पानांखालचा रसायन लावलेला कागद जांभळा होई. कागद पूर्ण वाळल्यावरच तपासायचा, हा वहिनींचा दंडक. अलीकडे तो कोराच निघे. मावा उपाशी मरतो आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

"वहिनी, आवरा आता! माझी रोपं बाहेर ताटकळलीत," नणंद दारातून म्हणाली.

"आले गं बाई! घोड्यावर बसून आलीस का?"

घाईत कागद ओढताना बोटांना गारवा लागला. वहिनी थबकल्या. कागद कोरा होता, पण ओला!

"खरं सांग, पाणी घातलंस ना यांना?"

"मी? मला काय जीव जड झालाय?"

वहिनींनी कुंडी काट्यावर ठेवली. वजन तसूभरही वाढलेले नव्हते. मग त्यांनी पान भिंगाखाली धरले. सोंड रोवून बसलेल्या माव्याच्या पाठीमागे एक नितळ थेंब फुगला आणि पडला. कागद रंगला नाही.

वहिनींच्या सर्वांगावर रोमांच उभे राहिले. "अगं, हा रस पीत नाहीये! रसाच्या शेजारच्या नळीतलं पाणी पितोय. मुळांकडून वर चढतं ना, ते! पोटातला पाक पातळ करायला!"

"कशावरून?"

"तासभर दे मला."

त्यांनी माव्यासकट एक फांदी छाटून लाल पाण्यात उभी केली. रंग त्याच पाण्याच्या नळीने चढणार होता. दोघी एकाच भिंगावर डोकी आदळत बसल्या. पानाच्या शिरा हळूहळू आरक्त झाल्या. सृष्टीने या यःकश्चित जीवाला केवढी प्रज्ञा दिली असावी, या विचाराने वहिनींचा श्वास अडला. इतक्यात थेंब पडला.

लाल!

"वहिनी!" नणंद खुर्ची पाडून उठली आणि ओरडतच बाहेर धावली, "भट्टी बंद करा! आधी ती भट्टी बंद करा!"

"अगं, आणि तुझी रोपं?"

"राहतील माझ्या टेबलाखाली! तुम्ही दुसरी फांदी छाटा!"