अर्धी पुसलेली काच

ओळखलं नाहीत ना मला? मी काच पुसायचा वायपर बोलतोय. लाकडी मूठ, पितळेची पट्टी आणि तिच्यात घट्ट बसवलेलं रबराचं पातं, एवढाच माझा देह. पण या देहानं एका अबोल बाईला बोलतं होताना पाहिलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून मी हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि नळाच्या तोट्या नि उंदराचे पिंजरे यांच्यामध्ये लटकत राहिलो. मला विकत घेतलं एका फोटोग्राफरनं. हौसेनं एकदा काच पुसली, मग मला कपाटावर टाकलं आणि साफ विसरला. माणसाचं असंच असतं. वस्तू आणायचा उत्साह दांडगा, वापरायचा कंटाळा. पडून पडून माझं रबर कडक झालं, अंगावर कोळ्यानं संसार थाटला. शेवटी त्यानं दुकान गुंडाळलं, तेव्हा आवराआवरीला मदत करणाऱ्या एका तरुणीला तो म्हणाला, "हे न्या हवं तर. मला नुसती अडगळ झालीय."

ती तरुणी म्हणजे ताई. ताईच्या डोक्यात तेव्हा एकच खूळ होतं, काचा पुसायचा स्वतःचा धंदा काढायचा. तिनं सोबतीला घेतलं आपल्या वहिनीला. वहिनी तोवर पॅकिंगच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून खोकी चिकटवायची. तिथं खिडकीच नव्हती. नोकरी सोडून आली त्या दिवशी तिनं मला नवं रबर घातलं, मुठीला तेल चोळलं आणि हातात धरून जरा हलवून पाहिलं. मला कसं धरायचं हे त्या हाताला न शिकवताच कळलं होतं.

ताई वयानं धाकटी, पण नणंदेचा मान म्हणून वहिनी तिला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणायची. दोघींची वाटणी सरळ होती. ताईनं बोलायचं, वहिनीनं पुसायचं. ताई बोलायला लागली की समोरच्याला 'नको' म्हणायला फटच सापडायची नाही. आणि वहिनी? तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे ओल्या साबणाची वडी पकडण्यासारखं. अनोळखी माणूस दिसला की ती ताईच्या मागे सरके. पण काचेवर साबणाचं पाणी फिरवून तिनं मला वरून खाली, सापासारखी वळणं घेत आणलं, की मागे एक ओघळ राहायचा नाही.

आमचं मोठं काम म्हणजे कचेऱ्यांची एक उंच इमारत. तिच्यावरच चूल पेटायची. एके दिवशी तिथल्या व्यवस्थापकानं सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. मशीनवाल्या कंपनीला काम दिलंय." बस्स, विषय संपला.

"हात्तिच्या! दुसरी गिऱ्हाइकं शोधू," ताई म्हणाली. पण तिचा आवाज घोगरा येत होता. डॉक्टरांनी तपासलं, तर घशात गाठ. गाठ साधीच निघाली, काढलीही, पण डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजसुद्धा नको. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

झालं! धंद्याचं तोंडच बंद पडलं. घरी वहिनीच्या नवऱ्यानं हळूच विचारलं, "कारखान्यात परत विचारून बघतेस का?" वहिनीनं बादलीतून मला उचलून घेतलं. तिची पकड इतकी घट्ट होती की माझी मूठ करकरली.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. पुढे वहिनी, मागे तोंडाला रुमाल बांधलेली ताई. पहिल्या दाराशी वहिनीनं धीर करून म्हटलं, "काच..." आतला माणूस म्हणाला, "काच नको बाई, आमच्याकडे आहे," आणि दार लावून मोकळा. मागे ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

मग दातांचा दवाखाना. तिथल्या मुलीनं वर न बघताच सांगितलं, "बसा, नंबर आला की बोलावते." मी पेशंट नाही, हे सांगायचं वहिनीच्या जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. ती बसली. नंबर आला. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर ओढला आणि म्हणाले, "आ करा." वहिनीनं 'आ' केला आणि त्यातूनच कसंबसं बाहेर पडलं, "काचा पुसायच्या होत्या!" डॉक्टर पोट धरधरून हसले. पण काम काही मिळालं नाही, त्यांच्या काचा शिपाई पुसायचा. बाहेर येऊन वहिनी पायरीवर बसली. डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, मला नाही जमत. मला काम सांगताच येत नाही. करून दाखवायला सांगा, लगेच दाखवते."

ताईनं चमकून तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं, आणि मग समोरच्या रांगेतल्या केशकर्तनालयाच्या काचेकडे.

ती काच म्हणजे कळकट प्रकरण होतं. आत कोण बसलंय हेसुद्धा बाहेरून अंदाजानंच ओळखायचं. वहिनीनं दारातून न्हाव्याला खुणेनं विचारलं, पुसू का? तो गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर वाकला होता. त्यानं न बघताच मान हलवली. वहिनीनं बादली टेकवली आणि आम्ही कामाला लागलो. काय सांगू तुम्हाला, कितीतरी दिवसांनी मी असा धावलो! मळाचं काळं पाणी खाली उतरत होतं आणि माझ्यामागे आरसे, खुर्च्या, माणसं एकेक करून उजळत होती.

अर्धी काच झाली आणि न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. "अहो बाई, कोणी सांगितलं तुम्हाला? आधी पुसणार, मग पैसे मागत बसणार! चला, निघा!" वहिनीनं गुपचूप बादली उचलली आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून जात होतो, तर मागून हाका. वळून पाहिलं तर तोच न्हावी, खांद्यावर टॉवेल तसाच. वहिनीला वाटलं, आला भांडायला. ताईनं तिचा दंड धरून ठेवला, पळू नये म्हणून.

"काय हा प्रकार!" तो धापा टाकत म्हणाला. "कालपासून खुर्चीत बसेल तो मला एकच विचारतोय, उरलेली काच कधी? मी अर्धी दाढी करून कोणाला रस्त्यावर सोडलंय का कधी?"

आणि तेव्हा, कसं कोण जाणे, वहिनीच्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर आलं. "तुम्हीच हाकललंत. मी कुठं निघाले होते?"

न्हाव्यानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. वहिनी पुढे म्हणाली, "उरलेली करते. पण दर आठवड्याला बोलावणार असाल तर. नाहीतर महिन्यात पुन्हा तशीच होईल." ताईनं रुमालाच्या आड तोंड दाबलं. महिनाभराचं मौन तिथंच मोडलं असतं.

"या बाई, दर आठवड्याला या," न्हावी म्हणाला, "पण आत्ता आधी चला!"

न्हाव्याच्या खुर्चीसारखी जाहिरात नाही हो. मान त्याच्या हातात, तोंडाला फेस. ऐकणाऱ्याला उठूनही जाता येत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तो काच दाखवी. समोरच्या शिंप्याला आपली काच एकदम मळकट दिसायला लागली. मग चष्मेवाला, मग पुस्तकांचं दुकान. प्रत्येक दारात वहिनी एवढंच म्हणायची, "ती समोरची बघा. ती मी पुसलीय." पुढे बोलावं लागतच नसे.

महिना संपला. डॉक्टरांनी ताईला परवानगी दिली. त्याच सुमारास आम्ही सार्वजनिक वाचनालयात गेलो. ती इमारत जुनी, खिडक्या दोन पुरुष उंच, आणि काचा इतक्या धुरकट की भर दुपारी आत दिवे जळायचे. ग्रंथपालबाई कडक होत्या.

"मोठ्या कंपनीकडून दर मागवलेत. तुम्ही कितीजण आहात?"

"दोघी."

"एवढ्या खिडक्या दोघींना झेपतील?"

मी वाट बघत होतो, आता ताई बोलेल. आवाज परत आला होता, जीभ शिवशिवत असणार. पण ताई हाताची घडी घालून उभी राहिली आणि नुसती वहिनीकडे बघत राहिली.

"एक खिडकी पुसून देते," वहिनी म्हणाली. "बाकीच्यांचं तुम्ही ठरवा."

आम्ही एक खिडकी पुसली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंचा फोन. "अहो, लवकर या! सगळे वाचक त्या एकाच खिडकीपाशी खुर्च्या ओढून बसलेत. दोन आजोबांचं जागेवरून भांडण झालंय. शांतता पाळा म्हणून मला ओरडावं लागतंय!"

त्या आठवड्यात आम्ही वाचनालय उजळून काढलं. शेवटची खिडकी झाली, तेव्हा ग्रंथपालबाई उठल्या आणि एकेक करत सगळे दिवे बंद केले. कोणाला कळलंसुद्धा नाही. उजेड होता तसाच राहिला. शिडीवर उभ्या वहिनीनं ते पाहिलं आणि खाली वाकून म्हणाली, "ताई, अजून दोघीतिघी लागतील आपल्याला."

"मग तूच शोध की, तूच बोल त्यांच्याशी," ताई म्हणाली. "मला हल्ली कमी बोलायची सवय लागलीय."

घरी पोचेपर्यंत ती त्यावर अखंड बोलत होती, हे सोडा.

आज आमच्याकडे पाचजणी आहेत, आणि चकचकीत, लांब दांड्याचे माझे भाऊबंदही आलेत. माझी मूठ झिजलीय, पितळ एका कोपऱ्यात वाकलंय, पाती किती बदलली ते आठवतही नाही. रोजच्या कामातून मला सुट्टी आहे. पण नवं गिऱ्हाईक आलं की वहिनी खुंटीवरून मलाच उतरवते. पहिली काच माझी. तो हक्क अजून कोणी घेतलेला नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कोणाच्या खिडकीतून बाहेरचं नीट दिसत नसेल, तर आमचं नाव सांगा. फार दिवस खुंटीवर बसवत नाही हो मला.