पायाशी उभी राहिलेली बाई

बायकोच्या शिवणकामाच्या दुकानातला पंखा दुरुस्त करून वायरमन शिडीवरून उतरला, पाणी मागितलं आणि घोट घ्यायच्या आत कोसळला. भर दुपारी त्याला कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा हृदय थांबलेलं होतं. डॉक्टर आणि दोन सिस्टर लगेच कामाला लागले. बायकोला मात्र रखवालदाराने सवयीप्रमाणे बाहेर नेऊन बाकावर बसवलं.

विभागात नुकताच एक नवा नियम आला होता. अशा वेळी नातेवाइकाची इच्छा असेल तर त्याला आत थांबू द्यायचं; फक्त त्याच्याजवळ एक सिस्टर कायम हवी आणि तिने दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. यावर कुरकुर बरीच झाली. आधीच माणसं कमी, त्यात एक जण नुसती उभी? सगळ्यात जास्त विरोध तरुण डॉक्टरांचा होता. पण इन्चार्ज सिस्टर ठाम राहिल्या, आणि त्या दुपारी हे काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं.

त्या बाईशेजारी येऊन बसल्या.

"आत यायचंय का? जबरदस्ती नाही. छाती जोरजोरात दाबताहेत, तोंडात नळी आहे. बघवेनासं झालं तर मला सांगा, लगेच बाहेर येऊ."

"माझी अडचण नाही ना होणार त्यांना?"

"कुठं उभं राहायचं ते मी दाखवते."

बाई नवऱ्याच्या पायाशी उभी राहिली. सिस्टर हळू आवाजात एकेक गोष्ट सांगत होत्या. "हे औषध हृदयासाठी. आता शॉक देतील, पाय सोडा. हं, आता धरा."

"बोलू का त्यांच्याशी?"

"बोला की."

"अहो, पंखा लागला बघा," बाई म्हणाली. "मस्त वारा येतोय. तुम्हाला म्हटलं होतं, जेवून मग चढा. पण माझं ऐकाल तर शपथ." छाती दाबणाऱ्या डॉक्टरांच्या कपाळावरून घाम गळत होता. बराच वेळ असाच गेला. शेवटी ते बाईकडे वळले. "सगळं करून झालं, काकू. हृदय साथ देत नाहीये."

बाईने नवऱ्याचा पाय नीट चादरीखाली घेतला. "थांबा आता," ती म्हणाली. "तुम्ही पण दमलात."

डॉक्टरांनी हात मागे घेतले. ते तसेच तिच्याजवळ उभे राहिले.

संध्याकाळी परगावाहून मुलगी धावत आली. "आई, कुणी लक्ष तरी दिलं का गं? की नुसतंच ठेवलं होतं त्यांना?"

बाईने तिला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: कोण छाती दाबत होतं, कोण औषध देत होतं, आपण बाबांना काय म्हणालो. मुलगी मध्येच हसली आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून मनमोकळी रडली.

निघताना बाईने सिस्टरांचा हात धरला. "माझे वडील गेले तेव्हा मी दाराबाहेर होते. आत काय झालं असेल, हा विचार अजून पाठ सोडत नाही. आज तुम्ही मला आत नेलंत. फार उपकार झाले."

"काळजी घ्या, बाई," सिस्टर म्हणाल्या, आणि मायलेकींना रिक्षापर्यंत सोडायला गेल्या.